नांगर, रकाना आणि सातबारा

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरूप यांचे 'वुमन्स रोल इन इकॉनॉमिक डेव्हलपमेंट' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. विकासाच्या राजकारणात स्त्रियांचे काय होते, या विषयावर आज ग्रंथालयांत कपाटेच्या कपाटे भरलेली आहेत. त्या पुस्तकांची वंशावळ मागे मागे नेली की बहुतेक वेळा ती इथे येऊन थांबते. बोसरूप १९५७ ते १९६० या काळात पतीसह भारतात राहिल्या होत्या. इथली शेती पाहून त्यांनी लोकसंख्या आणि शेतीची वाढ यांवर १९६५ साली एक पुस्तक लिहिले आणि पुढच्या पुस्तकात आफ्रिका व आशिया यांची तुलना मांडली. सहाराच्या दक्षिणेला फिरती शेती, हातात कुदळ, आणि शेतात बाई. आशियात नांगर, बैल, आणि नांगरामागे पुरुष. वसाहतींच्या युरोपीय अधिकाऱ्यांनी आफ्रिकेतही शेतकरी म्हणजे पुरुष असेच धरले. नगदी पिके, नवी अवजारे, प्रशिक्षण सगळे पुरुषांकडे गेले आणि बाई कुदळीवरच राहिली. आधुनिकता आली की बाईचे आपोआप भले होते, अशी त्या काळी समजूत होती. स्त्री-पुरुषांमधली दरी विकासानेच रुंदावली, असा उलटा पुरावा या पुस्तकाने पुढे ठेवला.

मांडणी सरळ होती, म्हणून ती सरकारी भाषेत चटकन उतरली. बाई उत्पादक आहे, तिला वगळले तर उत्पादनच घटते, हा मुद्दा न्यायाचा कमी आणि जमाखर्चाचा जास्त. तो अधिकाऱ्यांच्या गळी उतरवणे सोपे. वॉशिंग्टनमध्ये विकास क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाने 'विमेन इन डेव्हलपमेंट' हे नाव रूढ केले. १९७३ साली अमेरिकेच्या परकीय मदतीच्या कायद्यात, मदतीच्या योजनांत स्त्रियांना सामावून घ्यायला सांगणारी पर्सी दुरुस्ती आली. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरले. भारताने स्त्रियांच्या स्थितीविषयी १९७१ साली नेमलेल्या समितीचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल १९७४ च्या अखेरीस तयार झाला. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१ साली ९३० वर आल्या होत्या, हे त्यात ठळकपणे आले. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, आणि महाराष्ट्रात २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडचे माविम, स्थापन झाले. हे सारे एका पुस्तकाने घडवले असे नाही. पण हवा तीच होती.

अशा पुस्तकांचा उपयोग काय, यावर दोन मते कायम समोरासमोर येतात. जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने त्यांना पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणता आले असते. पण त्या रीतीत उत्तरपक्ष जिंकणार हे आधीच ठरलेले असते, म्हणून ती इथे नको. एक मत विद्यापीठातल्या अभ्यासकाचे, दुसरे गावोगाव बायकांच्या बैठका घेणाऱ्या कार्यकर्तीचे.

कार्यकर्ती : सर, बोसरूपबाईंनी लिहिलं ते आमच्याकडं कुठल्याही बाईला ठाऊक होतं. नांगराला बाईनं हात लावायचा नाही, पण तिफणीमागं चाड्यावर मूठ तिची. खुरपणी तिची, वेचणी तिची. आणि शेतकरी म्हटलं की चित्रात बाप्या माणूस. एवढं सांगायला डेन्मार्कहून कुणी यावं लागतं?

अभ्यासक : ठाऊक असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं, ताई. जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि लिहिलेलं नाही, त्याला अंदाजपत्रकात पैसा मिळत नाही.

नोंदीचा हा मुद्दा जनगणनेच्या इतिहासात नेमका दिसतो. १९७१ च्या जनगणनेत माणसाचा मुख्य उद्योग कोणता हे आधी ठरवायचे होते. प्रगणक दारात उभा. बाई शेणाने भरलेले हात पदराआड धरून सांगते, ''काही नाही, घरीच असते.'' किंवा ती आत असते आणि उत्तर दिराने दिलेले असते. मुख्य उद्योग घरकाम, अशी खूण होते. गोठा, खळे, निंदणी कागदावरून जातात. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने कामकरी स्त्रियांची संख्या त्या जनगणनेत एकाएकी रोडावली. बायकांनी काम सोडले नव्हते, व्याख्या बदलली होती. पुढे देवकी जैन यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत स्त्री-पुरुषांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली, आणि सरकारी व्याख्येच्या चाळणीतून बाईचे किती काम गळते ते दाखवले. न्यूझीलंडच्या माजी खासदार मॅरिलिन वॉरिंग यांनी 'इफ विमेन काउंटेड' (१९८८) या पुस्तकात तोच प्रश्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जागतिक हिशेबपद्धतीला विचारला. १९९१ च्या भारतीय जनगणनेत कामाच्या प्रश्नापुढे कंसात शब्द आले : शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे काम धरून.

अभ्यासक : त्या कंसामागं वीस वर्षांची पुस्तकं आहेत. आणि २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत काय निघालं? घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. पुरुषांत मुळात घरकामाला हात लावणारेच २६ टक्के, आणि त्यांची मिनिटं ९७. हा आकडा आता कुणी नाकारू शकत नाही.

कार्यकर्ती : नाकारत नाही, पण हलवतही नाही कुणी. पाच तास राबते हे मोजलंत. ती राबल्यामुळं कुणाचं भागतं, ते त्या पाहणीत कुठं आहे?

हा आक्षेप चळवळीचा म्हणून ओळखला जातो, पण तो पुस्तकांमध्येही फार लवकर आला. लूर्देस बेनेरिया आणि गीता सेन यांनी १९८१ साली बोसरूप यांची मांडणी पुन्हा तपासली. बाई विकासाबाहेर राहिली आहे, तिला आत घ्या, ही कल्पनाच त्यांना अपुरी वाटली. ती आतच आहे. स्वस्त श्रम म्हणून आणि उद्याचे श्रमिक वाढवणारी म्हणून तिच्या खांद्यावरच हा गाडा चालतो, असे त्यांचे म्हणणे. इथून 'स्त्रिया आणि विकास' हा विषय 'जेंडर आणि विकास' होऊ लागला. मराठीत जेंडरला 'लिंगभाव' हा शब्द स्त्री-अभ्यासाच्या वर्गांतून रुळला. तो नेमका आहे, पण बैठकीत उच्चारला की बायका तोंडाला पदर लावतात; तिथे 'बाईपण' आणि 'पुरुषपण' असे म्हटले की काम भागते. सरकार महिला म्हणते, चळवळ स्त्री म्हणते, आणि गाव बाई म्हणते.

या वळणावरचे एक पुस्तक जवळून पाहण्यासारखे आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्यांनी आंध्रातल्या नरसापूर भागातील लेस विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' १९८२ साली निघाले. क्रोशाची ही कला तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी नेली. उंबऱ्याशी बसून बाई रोज सहा-आठ तास सुई चालवते. तिने विणलेला माल परदेशी बाजारात विकला जातो. पण व्यापारी, नवरा आणि सरकार तिघेही या कामाला फावल्या वेळचा छंद म्हणतात, आणि छंदाला किमान वेतन लागत नाही. परंपरेने पडद्यात राहणाऱ्या जातींच्या बायकांना 'गृहिणी' म्हणवून घेण्यात प्रतिष्ठा होती आणि व्यापाऱ्याला त्या प्रतिष्ठेत नफा होता. जात, बाईपण आणि जागतिक बाजार यांची गाठ एका सुईच्या टोकावर अशी क्वचितच दाखवली गेली असेल.

कार्यकर्ती : हे पुस्तक मला मान्य आहे. पण बाकीच्यांत काय असतं? तिसऱ्या जगातली बाई. एकच बाई, सगळीकडं तीच. पिचलेली, अडाणी, बुरख्यातली नाही तर डोक्यावर हंडा घेतलेली. मुखपृष्ठ बघितलं तरी कळतं.

अभ्यासक : हे तुमच्याआधी चंद्रा तळपदे मोहंती यांनी लिहिलं आहे, आणि त्या मुंबईच्याच.

मोहंती यांचा 'अंडर वेस्टर्न आइज' हा निबंध प्रथम १९८४ साली छापून आला. लंडनच्या झेड प्रकाशनाने काढलेल्या तिसऱ्या जगातील स्त्रियांविषयीच्या मालिकेतली काही पुस्तके घेऊन, त्यांत 'तिसऱ्या जगातील स्त्री' ही अगोदरच तयार केलेली मूर्ती कशी सापडते, ते त्यांनी दाखवले. गंमत अशी की मीस यांचे नरसापूरही झेडनेच काढले होते, आणि काळजीपूर्वक, त्या-त्या जागेला धरून केलेल्या अभ्यासाचा नमुना म्हणून मोहंती यांनी त्याचेच नाव घेतले. म्हणजे परक्याने लिहावे की नाही, हा वाद इथे नव्हताच. किती जवळ जाऊन लिहिले, हा होता. गेल ऑम्वेट यांचे 'वुई विल स्मॅश धिस प्रिझन' (१९८०) हेही झेडचेच. अमेरिकेत जन्मलेल्या ऑम्वेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या, आणि त्या भागातल्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न उभा केला. परित्यक्ता हा शब्द मराठीत तिथून आणि नगरकडच्या चळवळीतून पक्का झाला. विकासाच्या आंतरराष्ट्रीय वाङ्मयात विधवा होती, घटस्फोटिता होती, कुटुंबप्रमुख स्त्री होती. कुंकू लावून माहेरच्या ओसरीवर बसलेली ही बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

कार्यकर्ती : म्हणजे शब्द आमच्याकडून गेला.

अभ्यासक : शब्द तुमचा. पण तो सातारा-सांगलीबाहेर कुणी नेला?

कार्यकर्ती : नेला, आणि इंग्रजीत ठेवला. परत आमच्यापर्यंत यायला महागडं पुस्तक विकत घ्यावं लागतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' मराठीतच लिहिली होती ना?

या तक्रारीत तथ्य आहे आणि तिचे काही प्रमाणात उत्तरही महाराष्ट्रात झाले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मराठीत लिहिले. पुणे विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्र चालवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' (२००६) मध्ये दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांना इतिहासाची साधने म्हणून इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. जातीशिवाय लिंगभाव मोजता येत नाही, हा त्यांचा आग्रह. विकासाच्या वाङ्मयात त्याची दखल अजून तोंडदेखलीच घेतली जाते.

वाद सर्वांत रंगतो तो जमिनीवर. बीना अगरवाल यांचे 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' १९९४ साली केंब्रिजने प्रसिद्ध केले. दक्षिण आशियात बाईच्या नावावर जमीन का नाही, कायद्याने मिळाली तरी ती हातात का येत नाही आणि हातात आली तरी तिला ती कसता का येत नाही, असे तीन वेगळे प्रश्न त्यांनी केले. नोकरी आणि शिक्षण यांवर भर देणाऱ्या विकासवाल्यांना त्यांचे सांगणे असे की खेड्यात बाईची पत जमिनीने ठरते. बोधगयेत मठाच्या जमिनीसाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लढा झाला, त्यात भूमिहीन मजूर बायकांनी आपल्या नावावर पट्टे मागितले. जमीन कुटुंबप्रमुखाला मिळते आणि कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, अशी अधिकाऱ्यांची हरकत होती. ती कथा या पुस्तकामुळे जगभर गेली.

कार्यकर्ती : १९९४ ना? शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन १९८६ चं. त्यानंतर लक्ष्मीमुक्ती. शरद जोशींनी सांगितलं, गावातल्या शंभर घरांनी बायकोच्या नावावर जमीन करा, मी गावात येतो. आणि लोकांनी केली. तलाठ्याला सातबाऱ्यावर बाईचं नाव लिहायची सवय नव्हती, ती तेव्हा लागली. पुस्तक मागून आलं.

अभ्यासक : लक्ष्मीमुक्ती मोठीच गोष्ट. पण ती नवऱ्याच्या मर्जीवर होती, ताई. गावात नेता यायचा म्हणून दिलेली जमीन ही देणगी झाली. हक्क कायद्यानं येतो. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा दिला, तोही २२ जूनआधी लग्न झालेल्या मुली वगळून. देशभर हे झालं २००५ साली, आणि त्या दुरुस्तीसाठी अगरवालबाईंनी मोहीम चालवली. शेतजमिनीबाबतची जुनी पळवाट तेव्हाच कायद्यातून काढली गेली.

कार्यकर्ती : आणि हक्कसोड?

हा एकच शब्द बराच काळ उत्तराविना राहतो. वडील गेल्यावर वारसनोंद होते, बहिणींची नावे चढतात. मग भाऊ गाडी घेऊन सासरी येतो, साडी-चोळी होते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर अंगठ्याचा ठसा आणि सही. बहीण खुशीने सोडते असे त्यात लिहिलेले असते. तिला विचारले तर ती म्हणते, ''वाटणी घेतली तर दिवाळीला बोलावेल कोण?'' ती जमिनीची नाही, माहेराची किंमत मोजत असते. उद्या नवऱ्याने टाकले तर ओसरी तेवढीच उरते. अगरवाल यांनीही हे हेरले आहे : बहिणीचा त्याग हा संकटातल्या आसऱ्यासाठी भरलेला हप्ता असतो.

अभ्यासक : त्याच आसऱ्याबद्दल एक आकडा सांगतो. प्रदीप पांडा आणि अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाहणी केली, २००५ साली छापून आली. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यांच्यातल्या ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. दोन्ही नावावर असलेल्यांत ७ टक्के.

कार्यकर्ती : हा मी बैठकीत सांगते. एकोणपन्नास आणि सात. बाया लगेच गप्प होतात, आणि मग एकेक बोलायला लागतात.

'सक्षमीकरण' या शब्दाची कथा याहून उदास आहे. श्रीलता बाटलीवाला यांनी १९९३-९४ च्या सुमारास दक्षिण आशियातल्या संस्थांचे काम पाहून सत्तेचे संबंध बदलणे असा त्याचा अर्थ मांडला. पुढे बचत गट, कर्ज आणि शब्द तिघे एकत्र फिरू लागले. २००७ साली बाटलीवाला यांनीच लिहिले की एम्पॉवरमेंटमधून 'पॉवर' काढून घेतली गेली आहे. बांगलादेशाबद्दल तर १९९६ साली एकाच नियतकालिकात दोन अभ्यास समोरासमोर आले. अ‍ॅन मेरी गोएत्झ आणि रीना सेनगुप्ता यांना दिसले की बाईच्या नावच्या कर्जांपैकी बऱ्याच कर्जांचा कारभार घरातल्या पुरुषाच्या हाती जातो. सय्यद हाशमी आणि सहकाऱ्यांना दिसले की कर्ज घेतलेल्या बायकांची घरातली किंमत वाढते. नायला कबीर यांनी पुढे हा गुंता सोडवला : एकांनी पैसा कुणी वापरला ते पाहिले, दुसऱ्यांनी वापरानंतर काय झाले ते पाहिले. त्यांचे १९९४ चे 'रिव्हर्स्ड रिअ‍ॅलिटीज' या शाखेत आजही पहिल्यांदा हाती दिले जाते.

कार्यकर्ती : गटाचं कर्ज नवऱ्याच्या मोटरसायकलला जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या मोटरसायकलवरून ती दवाखान्यात जाते, हेही खरं. कबीरबाईंचं बरोबर आहे.

पंचायतीतल्या आरक्षणावर दोघांचे फारसे दुमत नाही. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा राखल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या, आणि २०११ साली महाराष्ट्रात निम्म्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या २६५ ग्रामपंचायती तपासून २००४ साली दाखवले की सरपंचपद राखीव असले की खर्च बायकांनी मागितलेल्या कामांकडे झुकतो. दोन्हीकडे पिण्याचे पाणी त्यात आले. सरपंचपतीचा विनोद सांगणाऱ्यांसाठी हा अभ्यास उपयोगी आहे.

बोसरूप यांच्या नांगराकडे विद्वान पुन्हा वळले ते २०१३ साली. आल्बेर्तो अलेसिना, पाओला जुलियानो आणि नेथन नन या अर्थतज्ज्ञांनी जगभरच्या समाजांची जुनी माहिती आजच्या पाहण्यांशी जोडली. ज्यांचे पूर्वज नांगराने शेती करत, त्यांच्यात आजही बायका घराबाहेर कमी काम करतात आणि बाईने कमवावे याबद्दलची मतेही जास्त कर्मठ असतात. नांगर कधी न पाहिलेल्या, परदेशात वाढलेल्या मुलांतही त्याची छाया सापडते. मूळ माहिती जॉर्ज मर्डॉक यांच्या 'एथ्नोग्राफिक अ‍ॅटलास'मधली, बाराशेच्या वर समाजांची.

कार्यकर्ती : त्या यादीत आमच्यासारख्यांपुढं काय लिहिलंय, सर?

अभ्यासक : नांगर वापरतात की नाही, याची नोंद. आणि शेतीत बायकांचा वाटा किती, असा एक आकडा.

कार्यकर्ती : पेरणी वेगळी नाही?

अभ्यासक : नाही. नांगरणी, पेरणी, खुरपणी, सगळी शेती एकाच रकान्यात.